तेलाचा माग

सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि बार्शीहून लातूरकडे जाणारा जुना रस्ता जेथे एकमेकांस छेदतात, त्या येडशीच्या परिसरात, चहाच्या हॉटेलांपुढे, पंक्चरच्या टपऱ्यांजवळ, लिंबाच्या सावलीत, किंबहुना जेथे जेथे मालवाहू गाडीला घटकाभर थांबण्यास निमित्त मिळते तेथे तेथे, जमिनीवर काळे डाग पडलेले असतात आणि त्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. मी पाहतो. माझ्या दारातही तसाच एक डाग आहे, आणि तो पाडणारी एमएच-२५ क्रमांकाची पिकअप गाडी आता अशा वयाला पोचली आहे की, फिटनेसच्या दाखल्यासाठी तिला दरसाल परिवहन कार्यालयात हजेरी द्यावी लागते. (आठ वर्षे पुरी होईपर्यंत मालवाहू गाडीस ही हजेरी दोन वर्षांतून एकदाच असते, पुढे सरकारचा विश्वास निम्म्यावर येतो.)

पिकअप हे वाहन आमच्याकडे किती निरनिराळ्या नात्यांनी वावरते, याची कल्पना शहरात बसून यावयाची नाही. सुगीत ती तूर आणि सोयाबीन घेऊन बार्शीच्या अडतीवर जाते, उन्हाळ्यात कडब्याच्या पेंढ्यांनी स्वतःच्या दुप्पट उंचीची होते, बाजाराच्या दिवशी शेळ्या वाहते, भूम-वाशीकडचा खवा भल्या पहाटे घेऊन निघते, दिवाळीपूर्वी तेरखेड्याच्या फटाक्यांची खोकी तिच्यात भरली जातात, आणि चैत्रात येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा भरली म्हणजे ज्या कायद्याने तिच्यात माणसे बसविण्याची मनाई केलेली आहे, तो कायदा देवीच्या कृपेने काही काळ दृष्टिआड होतो. इतकी कामे ज्या एका इंजिनावर चालतात, त्या इंजिनाच्या पोटात तेल मात्र असते अवघे सहा लिटरांच्या आसपास. आणि त्या सहा लिटरांतले किती आत राहते व किती वाटेवर सांडते, हा हिशेब ठेवण्याची फुरसत बहुतेकांना नसते.

तेलगळतीच्या बाबतीत लोकांचे दोन पक्ष आहेत. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की, जुनी गाडी गळणारच. ज्या दिवशी ती गळावयाची थांबेल त्या दिवशी आत तेल उरले नाही असे समजावे. या विनोदात तथ्य आहे, आणि म्हणूनच तो घातक आहे. दुसरा पक्ष नवश्रीमंत. गाडीखाली एक थेंब दिसला की त्याची झोप उडते व तो सबंध इंजिन उतरवून घेण्याचा हुकूम देऊन मोकळा होतो. दोन्ही पक्षांनी एक साधे गणित केलेले नसते. तेलाचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर असे धरले, तर मिनिटाला एक थेंब या गतीने अहोरात्रात चौदाशे चाळीस थेंब, म्हणजे ७२ मिलिलिटर, आणि महिन्याकाठी दोन लिटरांहून थोडे अधिक तेल जाते. सहा लिटरांच्या भांडवलातून महिन्याला दोन लिटर, ही तूट दुर्लक्ष करण्याजोगी खचित नाही. परंतु उभ्या गाडीखाली रात्रभरात तीन-चार थेंबच पडत असतील, तर वर्षाकाठीही बाटलीभर तेल जात नाही, आणि त्यासाठी झोप उडवून घेणे हा त्या थेंबांचा अकारण सन्मान होय.

परंतु मोजणे ही पुढची गोष्ट झाली. आधी गळती कोठून होते, हे ठरले पाहिजे, आणि येथे या विषयातील खरी मौज, व पुष्कळांच्या बाबतीत खरा खर्च, सुरू होतो. थेंब जेथून पडताना दिसतो तेथे दोष असतोच असे नाही; फार वेळा नसतोच. इंजिनाच्या माथ्यावरील टॅपेट कव्हरच्या कडेने पाझरलेले तेल ब्लॉकच्या अंगावरून खाली उतरते, वाटेत धुळीशी मिसळून काळे लिंपण करते, गाडी पळत असली म्हणजे पंख्याच्या आणि रस्त्याच्या वाऱ्याने मागे लोटले जाते, आणि अखेर सर्वांत खालचा बिंदू म्हणून इंजिनाच्या बुडाशी तेल साठविणाऱ्या चेंबरच्या बोल्टावर लोंबते. पाहणारा म्हणतो, चेंबर गळते. चेंबरचे पॅकिंग बदलले जाते, मजुरी दिली जाते, आणि आठवड्याने तोच थेंब त्याच बोल्टावर पुनश्च लोंबू लागतो.

जुन्या गावगाड्यात चोरी झाली की गावच्या राखणदाराने चोराच्या पावलांचा माग काढावयाचा आणि तो शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन पोचवावयाचा, अशी रीत होती. माग शिवेपलीकडे गेला की जबाबदारी पलीकडच्या गावाची, आणि तसा माग त्याला दाखविता आला नाही तर भरपाई त्याच्याच माथी. आमचे मिस्त्री तेलाचा माग याच न्यायाने काढतात. प्रथम डिझेल आणि ब्रश घेऊन ते सगळे इंजिन धुतात, कारण जुन्या पावलांवर नवी पावले ओळखू येत नाहीत. मग ते वाळू देतात. मग संशयाच्या जागांवर अंगाला लावावयाची पांढरी पावडर फुंकतात, गाडी थोडी चालवून आणतात आणि बॅटरी हातात घेऊन खालून नव्हे तर वरून पाहावयास लागतात. पांढऱ्यावर जेथे पहिली तपकिरी रेघ उमटलेली असते ती मूळ जागा. "मालक," ते मला एकदा म्हणाले, "थेंब पडतोय तिथं काय बी नसतंय. वरनं हुडकत या." मिस्त्रींची शाळा चौथीपलीकडे गेलेली नाही, परंतु ज्या शिस्तीने ते एकेका भागाला निर्दोष ठरवून पुढे सरकतात, ती मी भल्याभल्या चौकशी समित्यांत पाहिलेली नाही.

शिवाय, पडलेले ते सगळे इंजिनाचेच तेल, अशीही खातरजमा आधी करून घ्यावी लागते. इंजिनाचे तेल डिझेलच्या गाडीत काजळीने काळे झालेले असते. गिअरचे तेल दाट आणि गंधकासारख्या उग्र वासाचे. ब्रेकचे पातळ, आणि रंगावर पडले तर रंग सोलून काढणारे. कूलंट हिरवे किंवा तांबडे, बोटांना निसरडे पण पाण्यात विरघळणारे. मिस्त्री बोटावर घेऊन अंगठ्याने चोळतात, हुंगतात आणि सांगतात. एकदा एका शेजाऱ्याने गाडीखालच्या ओलाव्याबद्दल असाच मोठा बोभाटा केला. तो ओलावा कुत्र्याचा निघाला.

पॅकिंग बसविणे ही किती नाजूक कला आहे हे दूर उभे राहून कळत नाही. चेंबर हे पत्र्याचे. त्याच्या कडेचे बोल्ट कोणी तरी पूर्वी रागाने आवळलेले असतात, त्यामुळे प्रत्येक भोकाभोवतीचा पत्रा वर उचलला जातो आणि दोन भोकांमधली कड खाली दबून तेथून तेल वाट काढते. अशा कडेवर नवे पॅकिंग टाकणे व्यर्थ. आधी ती कड निहाईवर ठेवून हलक्या हाताने ठोकून सपाट करावी लागते. गळती दिसली की आणखी आवळावे, ही मनुष्यमात्राची उपजत प्रवृत्ती आहे, आणि कॉर्कच्या पॅकिंगइतकी तिची फजिती दुसरे कोणी करीत नसेल. जास्त दाबले की कॉर्क चिरते आणि बाहेर पडते. तयार पॅकिंग न मिळाल्यास मिस्त्री जाड कागद थेट कव्हरवर धरतात आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोकीत जातात, की कागद धातूच्या धारेवर आपोआप कापला जाऊन कव्हरची हुबेहूब आकृती, भोकांसकट, हातात येते. तेल सोडण्याच्या बोल्टाखालचे तांब्याचे वॉशर तर ते फेकतही नाहीत. ज्योतीवर लाल करून पाण्यात बुडविले की दाबाने कडक झालेले तांबे पुन्हा मऊ होते आणि पुन्हा बसते. पोलाद या रीतीने कडक होते आणि तांबे नरम, हा धातूंचा स्वभावभेद मी पुस्तकात वाचला होता. तो डोळ्यांनी पाहिला तो मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

तेलाची गळती एका जातीची नसते, हेही तेथेच शिकावे लागते. टॅपेट कव्हर, चेंबर, टायमिंग कव्हर यांतून जे तेल येते ते आपल्या भाराने खाली उतरणारे तेल. त्याच्यामागे जोर नसतो, आणि त्याला मुदत देता येते. परंतु पंपाने दाब देऊन जे तेल बेअरिंगांकडे धाडलेले असते त्याच्या मार्गावर, म्हणजे फिल्टरच्या बुडाशी, ऑइलच्या स्विचपाशी, टर्बोकडे जाणाऱ्या नळीच्या जोडावर, जर फट पडली, तर आज ओल आणि उद्या धार असा प्रकार होतो. आणि इंजिनाच्या सर्व धडधडत्या अवयवांना एकमेकांपासून अलग ठेवणारा तेलाचा तो पातळ पदर एकदा तुटला की, धातूवर धातू घासून इंजिन जाम होण्यास फार वेळ लागत नाही. येरमाळ्याच्या अलीकडे एकदा माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ऑइलचा तांबडा दिवा क्षणभर लुकलुकला. इंजिन तत्काळ बंद करून बोनेट उघडले, तर दोन रुपयांच्या नाण्याएवढा तो स्विच प्लॅस्टिक आणि धातूच्या सांध्यातून तेल ओकत होता. महिनोन्महिने ठिबकणाऱ्या चेंबरने मला जेवढे भय दाखविले नव्हते, तेवढे त्या इवल्याशा वस्तूने एका मिनिटात दाखविले. म्हणून मिस्त्रींची प्रश्नावली अशी असते: किती जाते हे मागाहून, आधी दाबातले जाते की भारातले? आणि तिसरे, तापलेल्या मॅनिफोल्डवर पडते का? कारण पाठीवर कडबा लादलेल्या गाडीत हा प्रश्न गौण नव्हे.

आता या सगळ्याहून खोल असलेल्या कारणाकडे येतो. माझ्या गाडीचे टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलले, तेव्हा तेल पुढच्या क्रँक सीलमधून येऊ लागले. ते सील बदलले, तर ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीच्या नळीतून वर येऊ लागले. एक वाट बुजविली की दुसरी उघडत होती. त्या वेळी मिस्त्रींनी इंजिन चालू असतानाच तेल ओतण्याचे झाकण काढले आणि तोंडावर उलटे ठेवले. ते तेथे थरथर नाचू लागले. "आत दम कोंडलाय," ते म्हणाले, "त्यो कुठनं तरी निघणारच. तुमी दारं कशाला लावताय?" प्रकार असा असतो की, सिलिंडरमध्ये डिझेल जळाल्यावर जो वायू पिस्टनला खाली ढकलतो, त्यातील थोडा भाग पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली चेंबरमध्ये उतरतोच, नव्या इंजिनात थोडा, झिजलेल्यात अधिक. त्याला बाहेर जाण्यासाठी ब्रीदर नावाची एक साधी नळी ठेवलेली असते. माझ्या गाडीतील ती रबरी नळी वर्षानुवर्षे तेलाची वाफ पिऊन आतून फुगली होती, मऊ पडून चपटी झाली होती आणि काळ्या चिखलाने जवळजवळ बुजली होती. त्यामुळे कोंडलेला वायू जेथे सांधा दुबळा सापडे तेथून तेलासह बाहेर पडत होता. ज्या सीलांवर आम्ही संशय घेतला त्यांचा अपराध एवढाच की, ती इतरांहून थोडी अधिक थकलेली होती. नळी बदलली, तिचा मार्ग साफ केला, आणि ज्या जागांना हातही लावला नव्हता अशा दोन जागा आपोआप कोरड्या पडल्या. नळीची किंमत पॅकिंगांच्या बेरजेपुढे क्षुल्लक होती. अर्थात रिंगा झिजल्या आहेत त्या झिजल्याच आहेत. ब्रीदर त्यांना तरुण करीत नाही, त्यांच्या म्हातारपणाची लाज तेवढी झाकतो.

गळतीला आपण दोष म्हणतो खरे, पण यंत्रांच्या इतिहासात ही कल्पना फारशी जुनी नाही. येडशीच्या ज्या स्टेशनातून आज रुंद रुळांवरच्या गाड्या जातात, तेथून पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची छोटी गाडी जात असे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने आखलेल्या या मार्गाचा कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला भाग १८९७ साली खुला झाला आणि १९११ साली ती लाइन लातूरला पोचली. ब्रिटिश मुलुखातील बार्शी सोडून गाडी निजामाच्या इलाख्यात शिरे, आणि धाराशिव शहराला स्पर्श न करता येडशीवरून तडवळ्याकडे निघून जाई. दर आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, या एका हिशेबावर कॅलथ्रॉपने ही सारी योजना उभारली होती. (विमानातून उडी घेण्यासाठी एक पॅराशूटही याच गृहस्थाने पुढे बनविले, हलकेपणाची काळजी त्याच्या स्वभावातच असावी.) त्या वाफेच्या इंजिनांत तेल आत जाई ते परत येण्यासाठी नव्हेच. लांब चोचीची ऑइलकॅन घेऊन इंजिनवाला दर मोठ्या मुक्कामावर खाली उतरे, सांध्यासांध्यावरच्या पितळी पेल्यांत तेल भरी, पेल्यातील लोकरीच्या वातीतून ते थेंबाथेंबाने सांध्यात झिरपे आणि आपले काम संपवून खडीवर पडे. सिलिंडरमधले तेल तर वाफेबरोबर चिमणीतून आकाशात जाई. गळणे हेच तेथे वंगणाचे कार्य होते. रूळ काळे दिसले नाहीत, तर चौकशी त्या इंजिनाची व्हावयाची.

बैलगाडीचेही तेच. आखाला एरंडेलाचे वंगण घालावयाचे, ते तुंब्यातून बाहेर येऊन आऱ्यांवर ओघळावयाचे, धुळीशी मिसळावयाचे, आणि चाक कुरकुरू लागले की गाडीखाली टांगलेल्या नळकांड्यातून पुन्हा घालावयाचे. तेच तेल गोळा करून, गाळून, पंपाने वर चढवून हजारो किलोमीटर पुन्हा पुन्हा फिरवावयाचे, ही बंदिस्त व्यवस्था मोटारीने रूढ केली, आणि तिच्याबरोबरच बाहेर पडलेला प्रत्येक थेंब हा फरारी ठरला. या नव्या अपेक्षेची मी निंदा करीत नाही. बैलगाडीच्या आखातले एरंडेल मातीने पचविले असते. इंजिनातून उतरलेले तेल काजळी, धातूचा कीस आणि अर्धवट जळलेले इंधन घेऊन येते, आणि २०१६ च्या नियमांनी वापरलेल्या तेलाची गणना घातक कचऱ्यात केली आहे ती उगाच नव्हे. आमच्याकडे मात्र 'जळकं ऑइल' ही संपत्ती समजली जाते. वाळवी लागू नये म्हणून ते दारांच्या चौकटींना फासतात, स्लॅबच्या सेंट्रिंगच्या पत्र्यांना लावतात, कुंपणाच्या डांबांची बुडे त्यात बुचकळतात; आणि उरले तर ओढ्याकाठी ओततात. येडशीच्या चौकापासून जवळच रामलिंगाचे देऊळ आहे, जटायूची कथा सांगणारे, वानरांनी गजबजलेले. भोवतालचे बालाघाटातील जंगल १९९७ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. पावसाळ्यात तेथला ओढा भरून वाहतो. उतारावरच्या कोणत्याही शेडपुढे बादली उलटी केली तर ते तेल पावसाबरोबर कोठे उतरेल, याचा माग काढण्यास मिस्त्रींच्या पावडरीची जरुरी नाही. माझ्या दारात गाडीखाली आता एक पसरट डबा असतो, आणि तो भरला की मिस्त्रींच्या पिंपात जातो. ते पिंप भंगारवाला विकत नेतो.

एवढे सगळे झाल्यावरही माझी गाडी गळते. मागचे क्रँक सील, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यात दडलेली ती रबरी कडी, जिच्या ओठावर आतून एक बारीक स्प्रिंग आवळलेली असते, ती कडक झाली आहे. रबर उष्णतेने वाळते आणि दांडा मात्र फिरत राहतो. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने पोलादाच्या दांड्यावर रबराच्या ओठाची चर पडते, हे ऐकणाऱ्यास खोटे वाटेल, पण नखाने चाचपून पाहता येते. या चरीमुळे नवे सील जुन्याच खोलीवर बसविले तर तेही गळते. ते सुताएवढे अलीकडे किंवा पलीकडे बसवून त्याच्या ओठाला अस्पर्शित धातू द्यावा लागतो. सीलची किंमत किरकोळ, परंतु तेथवर पोचण्यासाठी गिअरबॉक्स सबंध खाली उतरवावा लागतो, आणि मजुरी त्या उतरवण्याची असते. सील फुगवून गळती थांबविण्याचे एक औषध बाटलीत मिळते. मिस्त्रींनी त्याची शिफारस केली नाही. दाट तेल घालण्याचा तोडगा एका ट्रकवाल्याने सुचविला, तोही त्यांनी थंडीतल्या सकाळचे कारण सांगून अमान्य केला.

त्यांची तजवीज निराळी आहे. क्लच प्लेट अजून ही सुगी काढील, असा त्यांचा अंदाज आहे. बार्शीची सोयाबीनची खेप संपली की ती बदलावीच लागेल, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावयाचाच आहे, तेव्हा एकाच मजुरीत सील होऊन जाईल. तत्पूर्वी ते तेल क्लचवर पोचले आणि चढाला गाडी नुसती घोंघावू लागली, तर मात्र हा बेत रद्द, आणि गाडी जेथे असेल तेथून ओढून आणावयाची. मी विचारले, की एवढे दिवस थांबण्यात धोका नाही ना? "दाबातलं न्हाई, भारातलं हाय," ते म्हणाले, "रोज पट्टी बघा, मालक. आन् ऑइल विकत घेतलं की बिल मला दाखवा. किती घालताय ते मला कळाया पायजे." सीटच्या मागे तेलाची बाटली ठेवली आहे, आणि बिले डॅशबोर्डच्या कप्प्यात आहेत.